परत आलेल्या माणसाची साक्ष

गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या प्रशिक्षणात माझं नाव वेळापत्रकाच्या तळाशी असतं. सकाळी डॉक्टरांचं व्याख्यान, मग समुपदेशकांचं, मग गटचर्चा, जेवण, आणि आभारप्रदर्शनाच्या आधी ‘अनुभवकथन’. मी उठतो. दुबार पेरणीचं, उधारीचं, त्या रात्रीचं सांगतो. दोन-चार जणी डोळ्यांना पदर लावतात. मला शाल आणि नारळ मिळतो आणि सगळ्या आपापली गाडी गाठायला निघतात. शालीबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती प्रेमानंच देतात. पण आत्महत्या कशी ओळखावी, कशी थांबवावी यावर दिवसभर बोलणं होतं, त्या वाटेनं शेवटापर्यंत जाऊन परत आलेला माणूस तिथं हजर असतो, आणि त्याला विचारलं जातं ते एवढंच, की तुम्हाला तेव्हा कसं वाटलं? सकाळी आम्ही जे शिकवलं त्यातलं काय खरं ठरतं आणि काय ठरत नाही, हे त्याला कुणी विचारत नाही.

मी रिठदचा, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. सोयाबीन, तूर, हरभरा करतो. अमरावतीला तत्त्वज्ञान शिकलो आणि घरी येऊन शेती केली. गळ्यात माळ आहे, भजनी मंडळात टाळ वाजवतो. म्हणून हा प्रश्न मला प्रशिक्षणाच्या वेळापत्रकाएवढा लहान वाटत नाही. माणसाचं सोसणं हे ज्ञान असतं का, आणि असलं तर कुणी, कधी, कोणत्या अटीवर ते मानावं, हा जुना प्रश्न आहे. आपल्याकडे त्यावर फार नेटकं लिहिलं गेलं आहे.

आधी आमच्या भागात पुरावा म्हणून काय चालतं ते सांगतो. 2006च्या जूनअखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा आणि आमचं वाशिम. त्याच वर्षीच्या जानेवारीत राज्य सरकारनं आत्महत्येनं गेलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरवली होती, तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेव म्हणून. मदत द्यायची तर कागद लागतात. सातबारा कुणाच्या नावे, कर्ज बँकेचं की सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का. समिती बसते आणि गेलेला माणूस ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतो. जिचं नाव सातबाऱ्यावर नाही अशी बाई जन्मभर निंदण-खुरपण करूनही या कागदात शेतकरी ठरत नाही. सरकारला हिशेब लागतो हे मला समजतं. पण गावानं तोच हिशेब उचलला. कुणी गेलं की चावडीवर पहिला प्रश्न येतो, कर्ज किती होतं? शेवटच्या महिन्यात त्याच्याशी कोण बोलत होतं, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चौथं म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. हा विश्वासू कोण, यावर भाष्यकार वात्स्यायनांनी दिलेलं उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा विद्यार्थी होतो. ते परीक्षेपुरतं पाठ केलं. खरं कळलं ते पुढं. वात्स्यायन सांगतात, की अशा माणसाच्या ठायी तीन गोष्टी लागतात. त्यानं ती वस्तू स्वतः साक्षात जाणलेली असावी. त्याला प्राणिमात्राबद्दल दया असावी. आणि जसं आहे तसंच सांगायची त्याला इच्छा असावी. ते असंही म्हणतात, की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. म्हणजे जात, पदवी, खुर्ची यांचा इथं संबंध नाही. आणि शब्दाचं प्रामाण्य पटवायला सूत्रकारांनी उदाहरण घेतलं आहे ते मंत्राचं आणि आयुर्वेदाचं. औषधाचं ज्ञानही शेवटी कुणीतरी जाणून, दयेनं, खरं सांगितलं म्हणूनच आपल्यापर्यंत पोचतं.

या तीन अटी मी स्वतःला लावून पाहतो. पहिली नशिबानं पुरी झाली. दुसरी आणि तिसरी रोज सांभाळाव्या लागतात. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यावेत म्हणून मी एखादी गोष्ट फुगवली, तर तिसरी अट मोडली. माझंच दुःख मोठं म्हणून सांगत बसलो, तर दुसरी मोडली. सोसलं म्हणून माणूस आपोआप शहाणा होत नाही. पण सोसलेलं नीट तपासून, दुसऱ्यासाठी, जसंच्या तसं सांगितलं तर ते डॉक्टरांच्या अनुमानाच्या शेजारी बसायला पात्र आहे. त्याच्या खाली नाही, वरही नाही.

मग माझ्याकडं असं काय आहे जे सकाळच्या व्याख्यानात नसतं?

व्याख्यानात सांगतात, उदास दिसणाऱ्या माणसाकडे लक्ष द्या. खरं आहे. मी कित्येक महिने उदास होतो आणि घरच्यांचं लक्ष होतंच. पण ज्या दिवशी मी मनात ठरवलं, त्या दिवसापासून माझी उदासी गेली. मला भूक लागली. मी बायकोशी हसून बोललो. चहाच्या टपरीची बाकी दिली, भजनी मंडळाची हिशेबवही पुरी करून दुसऱ्याच्या हवाली केली, माझी टाळजोडी पुतण्याला दिली. घरच्यांना वाटलं, माणूस सावरला. हे मी आशाताईंना सांगतो तेव्हा खोली एकदम सावध होते, कारण प्रत्येकीला आपल्या गावातलं कुणीतरी आठवतं. बरेच महिने खचलेला माणूस काही कारण नसताना एकाएकी शांत झाला आणि देणीघेणी मिटवायला लागला, तर त्याच दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसायचं. तज्ज्ञांच्या पुस्तकात हे लक्षण आहेच. पण एका ओळीत आहे, दहा लक्षणांमधलं एक. आमच्याकडे ते पहिल्या ओळीत पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. लोकांना वाटतं, असा माणूस स्वतःपुरता विचार करतो, पोराबाळांना विसरतो. म्हणून त्याला सांगतात, ‘लेकरांकडं पाह्य गड्या.’ मी लेकरांकडेच पाहत होतो. माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते सगळं त्यांच्याबद्दल होतं. मी नसलो तर तगादा थांबेल, घराची मान सुटेल, पोरीच्या लग्नात माझ्या नावाचा अडसर राहणार नाही. तो हिशेब खोटा होता, पण मला तो अगदी सरळ दिसत होता, आणि ‘लेकरांकडं पाह्य’ म्हणणारा प्रत्येक माणूस नकळत त्याच हिशेबात भर टाकत होता. पुढं कळलं, की अमेरिकेतले थॉमस जॉइनर नावाचे मानसशास्त्रज्ञ यालाच आत्महत्येच्या विचाराचं एक मूळ मानतात: आपण घरच्यांवर ओझं झालो आहोत, ही पक्की समजूत. 2005च्या पुस्तकात त्यांनी ते मांडलं. त्यांचे वडील 1990मध्ये आत्महत्येनं गेले होते. त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, आकडे जमवले, पण कुठं पाहायचं हे त्यांना कुठून उमगलं असेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ऑस्ट्रेलियात बेटी किचनर या परिचारिकेनं पती अँथनी जॉर्म यांच्यासोबत 2000मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सुरू केलं, ते पुढं कितीतरी देशांत गेलं. त्या बाईंनी स्वतः कोवळ्या वयापासून नैराश्य सोसलं होतं. तिथं अनुभव जेवणानंतर बोलायला उभा राहिला नाही; अभ्यासक्रम लिहायलाच बसला.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे मी वाचलो कसा. शेजारच्या काकूंनी मला सरळ विचारलं. गोठ्याजवळ उभ्या राहून, आवाज न चढवता. ‘तुह्या डोक्यात मरायचं येते का रे?’ उपदेश नाही, देवाधर्माचं नाही. मी हो म्हणालो. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि हो म्हणताक्षणी छातीवरचं काहीतरी हललं. त्या गेल्या नाहीत. माझ्या मोठ्या भावाला बोलावलं, फवारणीची औषधं आमच्या घरातून उचलून आपल्या कोठीत कुलपात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ मला डॉक्टरकडे घेऊन गेला. काकू शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी केलं ते सगळं आजचं शास्त्र जसंच्या तसं सांगतं. थेट विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. घातक वस्तू हाताशी नसली तर ती लाट ओसरायला वेळ मिळतो. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. प्रशिक्षणात हा प्रश्न विचारायला सांगतात, पण पुस्तकी मराठीत: ‘आपल्या मनात आत्मघाताचे विचार येतात का?’ या भाषेत आमच्या गावात कुणी कुणाला विचारत नाही आणि विचारलं तर उत्तर मिळत नाही. प्रत्येक आशाताईनं आपल्या बोलीत तो प्रश्न मोठ्यानं म्हणून पाहिला पाहिजे, सगळ्यांसमोर, तोंडाला सवय होईपर्यंत. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते. मी पाहिलं आहे.

आता धर्माचं. मला गप्प बसवलं ते कर्जानं कमी आणि पापाच्या भीतीनं जास्त. मनुष्यजन्म दुर्लभ, आत्महत्या महापाप, अशा माणसाला गती नाही, हे मी कीर्तनांतून ऐकत वाढलो. त्या महिन्यांत ते आठवून मी थांबलो नाही. फक्त कुणाला सांगू शकलो नाही. पापाचा विचार मनात आहे हे कबूल करायचं कुणापुढं? ही भीती माणसाला अडवते असं सांगणारे बहुधा त्या जागी उभे राहिलेले नसतात. काहींना अडवतही असेल, मी नाही म्हणत नाही. पण मदत मागायच्या आधी तोंडाला कुलूप लावते हे मी पाहिलेलं आहे.

मनुस्मृतीत आत्मघात करणाऱ्याला उदकदान नाकारलं आहे, हे खरं. ईशोपनिषदातल्या तिसऱ्या मंत्राचा दाखलाही लोक देतात. पण तिथं शंकराचार्यांनी आत्मघातकी म्हणून जे सांगितले ते आत्मस्वरूप न जाणणारे अज्ञानी जन, म्हणजे तुम्ही-आम्ही सगळेच. कर्ज गळ्याशी आलेला शेतकरी त्यांच्या डोळ्यांपुढं नव्हता.

आणि आमच्या वारकरी घरात तर या प्रश्नाला पार वेगळंच उत्तर आहे. ज्ञानदेवांच्या चरित्रपरंपरेत सांगतात, की संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेल्या लेकरांना जातीत घ्यावं यासाठी विठ्ठलपंतांना आणि रुक्मिणीबाईंना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं, आणि त्या दोघांनी ते घेतलं. आम्ही ही कथा त्यागाची म्हणून ऐकतो. मी ती आता वेगळी ऐकतो. आपण गेलो की लेकरं सुटतील, हा त्यांचाही हिशेब होता. लेकरं सुटली का? त्यानंतरही त्या चौघांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. मायबाप गेल्यानं काही मिटलं नाही. उरलं ते चार पोरकी मुलं, थोरला निवृत्ती आणि सगळ्यांत धाकटी मुक्ता. माझ्यासारखा हिशेब करणाऱ्या कुणालाही मी हीच कथा सांगतो.

आणि त्याच घरातली दुसरी कथा. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेव झोपडीत जाऊन बसले आणि आतून ताटी लावून घेतली. मुक्ताई बाहेर उभी राहिली आणि बोलत राहिली, ताटी उघडण्याची विनवणी करत. ताटीचे अभंग म्हणून ते बोलणं आपल्याकडे आहे. त्यात ती भावाला त्याच्या थोरवीची आठवण देते, जगाचं बोलणं सोसायला सांगते, लाडानं बोलते, पण दारातून हलत नाही. ज्या मुलीनं आईबाप तसे गमावले होते ती बंद दाराशी उभी होती. दार बंद झालं की काय होऊ शकतं, हे तिला ठाऊक होतं. माझ्या मते आत्महत्या-प्रतिबंधाचं मराठीतलं पहिलं प्रशिक्षण ते आहे, आणि ते देणारी स्वतःच्या अनुभवातून बोलत होती.

तुकोबांचंही तसंच. दुष्काळ, बसलेला व्यापार, अन्नावाचून गेलेली बायको, चारचौघांत वाटलेली लाज, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलं आहे, लपवलं नाही. महिपतींनी लिहिलेल्या चरित्रात येतं, की घरातली कर्जखतं निघाली तेव्हा निम्मी भाऊ कान्होबाला दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. कर्जानं माणूस कसा मोडतो हे आतून जाणणाऱ्यालाच ते सुचू शकतं.

एका हरिनाम सप्ताहात मी हे बोललो तेव्हा एका तरुणानं विचारलं, मग ज्ञानदेवांची समाधी काय? विनोबांचं काय? प्रश्न योग्य होता. विनोबा 1982च्या नोव्हेंबरात पवनारला वारले तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते, आजारी होते, आश्रमाच्या आणि साऱ्या देशाच्या समोर त्यांनी अन्नौषध थांबवलं. त्याबद्दल मतभेद असू शकतात. पण त्यात लपवाछपवी नव्हती, कुणाच्या तगाद्यापासून पळणं नव्हतं, आपण जड झालो ही भावना नव्हती. आमच्या शिवारातला माणूस एकटा असतो, घरच्यांपासून लपवतो, आणि त्याला दुसरा रस्ता दिसत नसतो. या दोन गोष्टींना एका तराजूत घालणं म्हणजे दुसऱ्याच्या यातनेला पुण्याचं नाव देणं. मी त्या तरुणाला एवढंच म्हणालो, की ज्याला कुणापासून लपवावं लागतंय त्यानं त्याला समाधी म्हणू नये.

आणि साने गुरुजी. ज्यांच्या 1947च्या उपोषणानं पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांना उघडं झालं, त्या गुरुजींनी 11 जून 1950ला आपलं आयुष्य संपवलं. घराघरांत ‘श्यामची आई’ आहे, हे मात्र पुटपुटत सांगतात. गुरुजींना पापी म्हणायला महाराष्ट्रातला एकही माणूस धजणार नाही. त्यांच्यासाठी जी माया आपल्याकडे आहे, ती रिठदच्या एखाद्या अल्पभूधारकासाठी का नसावी, याचं उत्तर मला कोणत्याही शास्त्रात सापडलेलं नाही. कायदासुद्धा इथवर आला. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मान्य केलं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो असंच धरून चालावं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यावी.

एका प्रशिक्षणात एक डॉक्टर मला म्हणाले, ‘काका, एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.’ मला त्यांचं म्हणणं पटतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘संगाथ’ संस्थेनं विश्राम नावाचा कार्यक्रम चालवला. गावातलेच कार्यकर्ते शिकवून तयार केले, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे शंभरात चारांवरून दीड वर्षात सत्तावीसांवर गेले. हे माझ्या एकट्याच्या कहाणीतून कधी कळलं नसतं. ते मोजावंच लागतं. पण गावातलाच माणूस का लागला, तो नेमकं काय बोलला म्हणून दार उघडलं, हे आकडा सांगत नाही. आणि माझ्या सांगण्यालाही कुंपण आहे. मी पुरुष, सातबारा माझ्या नावे, थोडं शिकलेला. एका आशाताईनं मला भर सभेत थांबवलं: ‘दादा, बाईमाणूस असं सांगत नाही. तिचं डोकं दुखते, कंबर दुखते, झोप येत नाही. गोळी मागाले येते, तवा समजून घ्या लागते.’ त्या दिवसापासून माझ्या बोलण्यात तिचं बोलणं आहे. नैयायिकांनी जिंकण्यासाठीचं भांडण वेगळं ठेवलं आणि सत्य समजण्यासाठीचा संवाद वेगळा ठेवला, त्याला वाद म्हटलं. प्रशिक्षण असा वाद व्हावा, ज्यात डॉक्टर, परत आलेला, मागं राहिलेली बाई आणि गावोगाव फिरणारी आशाताई एकमेकांचं सांगणं तपासून पाहतील. सकाळपासून, एकाच सतरंजीवर.

मागच्या सप्ताहात कीर्तन संपल्यावर एक विधवा माझ्याजवळ आल्या. त्यांच्या मालकांना जाऊन काही वर्षं झाली. त्यांनी विचारलं, ‘भाऊ, त्याहिले गती भेटली असन का? लोक म्हणतात नारायणबळी करा लागते.’ मी म्हणालो, तुमच्या मनाला शांती मिळत असेल तर करा, कर्ज काढून करू नका. आणि पितृपंधरवड्यात तुम्ही त्यांच्या नावानं पाणी सोडता ते त्यांना पोचतं, असं मी मानतो. ज्या विठ्ठलानं मायबाप तसे गेलेल्या लेकरांना जवळ केलं, तो तुमच्या मालकांना दूर ढकलणार नाही.

त्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पोरगं बारावीले आहे. दोन महिन्यांपासून कोनाशीच बोलत नाही. काल त्यानं आपली सायकल चुलत भावाले देऊन टाकली. मी इचारू का त्याले? इचारलं आन् त्याच्या डोक्यात भरलं तं?’

मी म्हटलं, ‘भरत नाही ताई. आजच विचारा, जेवायच्या आधी, तो एकटा असताना. सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येते का. हो म्हणाला तर घाबरू नका, रागावू नका, रडलात तरी उठू नका. घरात औषध असेल तर आता माझ्याकडे पाठवा. हा नंबर घ्या, 14416, टेलि-मानस, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात. आणि उद्या सकाळी मी गाडी घेऊन येतो, आपण तिघं वाशिमच्या सरकारी दवाखान्यात जाऊ.’

त्यांनी नंबर हातावर लिहून घेतला आणि विचारलं, ‘पह्यला शब्द कोनता म्हनू?’

‘त्याचं नाव,’ मी म्हणालो. ‘घरी हाक मारता ते.’